छाटल्या पंखांचा हुबारा

त्या हिवाळ्यात मुदीर आमच्या मागच्या दारात येऊन उभे राहिले, ते हातात जुन्या स्वेटरची कापलेली बाही घेऊन. बाहीच्या एका टोकातून लांब मान बाहेर आलेली, मानेच्या दोन्ही अंगांना काळी पट्टी ओढलेली, आणि दोन पिवळे डोळे माझ्यावर असे रोखलेले, की जणू मीच त्याला बाहीत कोंबलंय.

"तुम्हारे पास मुर्गी है ना? इसको भी रखो," मुदीर म्हणाले.

मुदीर म्हणजे साहेब. आमचे हे इथे अरबांच्या मुलखात, अहमदीला, तेलकंपनीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि मुदीर त्यांचे वरचे. इथे युद्ध झालं, आम्ही सगळे गावी पळालो. परत बोलावणं येईल की नाही, काही ठाऊक नव्हतं. तेव्हा खटपट करून ह्यांना पुन्हा कामावर घेतलं ते ह्या माणसाने. पुढे ते निवृत्त झाले, दाढी पांढरी झाली, गुडघे गेले, एगैलाला मुलाने बांधलेल्या मोठ्या घरात राहायला गेले, तरी आमच्या घरात ते मुदीरच राहिले. त्यांनी काही सांगावं आणि आम्ही नाही म्हणावं, असं होणारच नव्हतं. हिंदी मात्र आमच्यापेक्षा धीटपणे बोलायचे. पोरवयात वडिलांच्या गलबतातून खजूर घेऊन मुंबईला जायचे म्हणे, तिथे शिकले.

बाहीतला पक्षी होता हुबारा. नाताळात इथल्या दुकानांत गोठवलेली टर्की येते बघा, तिच्यापेक्षा लहान, आपल्या गावठी कोंबड्यापेक्षा उंच. रंग थेट वाळूचा. वाळवंटात बसला तर पाय पडेपर्यंत दिसायचा नाही. थंडी पडली की हे पक्षी उत्तरेकडून येतात, किडे, पाला, झुडपांच्या कळ्या खाऊन राहतात आणि ऊन तापायच्या आत परत जातात. अरबांना ह्यांच्या शिकारीचं भारी वेड. बंदुकीने नाही हं, ससाण्याने. ससाणा पाळायचा, शिकवायचा, हातावर बसवून वाळवंटात न्यायचा आणि हुबाऱ्यावर सोडायचा.

मुदीरनी त्या वर्षी नवा, तरणा ससाणा घेतला होता. पहिल्याच शिकारीत त्याने ह्या हुबाऱ्याची मांडी धरली. पण हुबाऱ्याची एक युक्ती असते. जिवावर बेतलं की तो मागून हिरवी, डिंकासारखी चिकट घाण उडवतो. ती बसली नेमकी ससाण्याच्या तोंडावर. ससाणा जो मागे सरला, तो पुन्हा हुबाऱ्याकडे बघायलाच तयार होईना.

"मेरा बाज डर गया," मुदीर म्हणाले. आपलं लेकरू शाळेत नापास झाल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा. "अभी नहीं सिखाया तो कभी नहीं करेगा. दूसरा हुबारा किधर से लाऊँ? सारे बर्र में यही एक मिला." बर्र म्हणजे वाळवंट.

तर बेत असा होता. हुबाऱ्याची मांडी बरी होईपर्यंत त्याने आमच्याकडे राहायचं. बरा झाला की त्याला मोकळ्यावर उडवायचं, वर ससाणा सोडायचा, म्हणजे ससाण्याची भीड मोडेल. एगैलाच्या घरात त्यांची बायको आणखी एक पक्षी घेऊ देत नव्हती. एक ससाणा बैठकीच्या खोलीत गालिच्यावर घाण करतो तेवढा पुरे, म्हणायची. आमच्याकडे अंगण होतं, बोरीचं झाड होतं आणि माझ्या चार कोंबड्या होत्या.

ह्यांनी "हाजिर, हाजिर" म्हणत बाही हातात घेतली आणि मुदीरची गाडी वळल्यावर माझ्याकडे दिली. मी ती सासूबाईंकडे दिली.

सासूबाई त्या हिवाळ्यात व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. मालवणकडच्या आमच्या गावातून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या. येताना सामानात कोकम, कुळीथ आणि माडाच्या हिरांची अख्खी केरसुणी घेऊन आल्या, कारण "परदेशातली केरसुणी कशी आसतली कोण जाणे." पहिले दिवस बरे गेले. मग सकाळी हे कामावर, पोरं शाळेत, मी स्वयंपाकात, आणि त्या अंगणात खुर्ची टाकून कोंबड्यांशी बोलत बसलेल्या. हातांना काम नाही म्हणून त्यांचा जीव आंबून गेला होता.

"ह्या काय हाडलंस गो?" त्यांनी बाहीत डोकावून विचारलं. "कोंबी न्हय, मोर न्हय. बघता कसो बघ, मामलेदार जसो."

मी सांगितलं, मुदीरचा पक्षी आहे, पाय दुखावलाय, बरा करून द्यायचाय. ससाण्याचं काही बोलले नाही. खरं सांगायचं तर ते बोलायची गोष्ट आहे असं तेव्हा वाटलंच नाही. घरचा कोंबडा बाजारात जाणार की सणाला, हे आपण रोज थोडंच बोलतो?

सासूबाईंना मग दिवस पुरेना. हळद आणि खोबरेल गरम करून मांडीला लावायचं, उकडलेल्या अंड्याचा बलक बोटावर धरायचा, बरसीम नावाचं इथलं हिरवं गवत बारीक कापायचं. पहिले दोन-तीन दिवस तो काही खाईना, कोपऱ्यात छाती टेकून बसायचा आणि कोणी जवळ गेलं की मान फुगवायचा. मानेची पांढरी पिसं अशी उभी राहायची की उशी फाटल्यासारखं दिसायचं. एकदा त्याने ती सुप्रसिद्ध युक्ती आमच्या ह्यांच्यावरही केली. हे ड्युटीचे कपडे घालून निघालेले. सासूबाई पदर तोंडात धरून हसत होत्या. "झिला, तू त्याका ससाणो वाटलंस" असं त्या म्हणू शकल्या नाहीत, कारण ससाण्याचं त्यांना माहीतच नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुजी मिशी त्याका आवडली नाय."

मग एका सकाळी तो त्यांच्या बोटावरचा बलक खाऊ लागला. त्यानंतर तो त्यांचाच झाला. त्या उठल्या की उठायचा, बसल्या की त्यांच्या चपलांशेजारी वाळूत खड्डा करून बसायचा. माझ्या कोंबड्यांना त्याने लगेच ताब्यात घेतलं. मुलीने शाळेतून येऊन सांगितलं, "आजी, इट्स अ वाइल्ड बर्ड, डोंट टच." आजी म्हणाली, "वायल्ड काय आणि मायल्ड काय, भूक सगळ्यांका लागता."

आता आपल्याकडे नवी कोंबडी घरात आणली की काय करतात, ते कोकणातल्या कोणालाही विचारा. एक, तिला चुलीभोवती तीनदा फिरवतात, म्हणजे ती घर विसरत नाही. दोन, एका अंगाच्या पंखांची टोकं छाटतात, म्हणजे उडताना तिचा तोल जातो आणि ती कुंपणापलीकडे जात नाही. आमचा गॅस भिंतीला टेकलेला, त्याच्याभोवती फिरणार कसं? पण सिलिंडर बाहेर अंगणात असायचा. सासूबाईंनी त्यालाच चूल मानलं. मी खिडकीतून बघितलं, हुबाऱ्याला काखेत धरून त्यांचे फेरे चालले होते. मला हसू आलं, मी भाजी परतायला वळले. त्यामुळे पुढचं मी बघितलंच नाही.

शुक्रवारी दुपारी मुदीर आले. पक्ष्याची मांडी बघून खूश झाले. "माशाल्ला, माशाल्ला" करत त्यांनी त्याला उचललं, डावा पंख उलगडला, मग उजवा उलगडला आणि तिथेच थांबले. उजव्या पंखाची लांब पिसं कात्रीने सरळ कापलेली, नव्या कुंच्यासारखी.

"ये किसने किया?"

आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी सासूबाईंकडे. सासूबाईंना प्रश्नही कळला आणि तो कौतुकाने विचारलाय असंही वाटलं.

"मीया," त्या छातीला बोट लावून म्हणाल्या. "पाख छाटलंय. आता भितीवरसून उडाचो नाय. खंय जावचो नाय तुमचो कोंबो."

ह्यांचा चेहरा असा झाला की वर्कशॉपची चावी विहिरीत पडली असावी. मुदीर मटकन खुर्चीवर बसले. कापलेली पिसं काही केसांसारखी वाढत नाहीत, ती झडून नवी यायला उन्हाळा उजाडतो, आणि तोवर मोसम संपलेला. न उडणाऱ्या पक्ष्यावर ससाणा काय शिकणार? मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसत होते. हसता हसता डोळे पुसून म्हणाले, "युम्मा, सारी उमर मैंने हुबारा पकड़ा. ऐसा किसी ने नहीं किया." युम्मा म्हणजे आई. वयाने दोघं सारखीच असतील, पण इथे म्हाताऱ्या बाईला अशीच हाक मारतात.

मी चहा केला. ह्यांनी आईला आता सगळं सांगितलं, ससाणा, शिकवण, सगळं. सासूबाई ऐकताना पक्ष्याला पायाशी घेऊन बसल्या होत्या. चहा तसाच राहिला.

"म्हणजे मी बरो केलंय तो मारूक?"

मुदीरनी विचारलं, युम्मा काय म्हणते? कोणी सांगितलं नाही, तर सासूबाईंनीच आपल्या हिंदीत विचारलं, "ये पक्षी पहले भोत आता था?"

मग मुदीर बोलायला लागले. वडिलांच्या वेळी उंटावरून जायचे. दिवसभर माग काढायचा तेव्हा एखादा दिसायचा, त्यातले अर्धे निसटायचे, आणि तरी दर हिवाळ्याला भरपूर यायचे. मग गाड्या आल्या. गाडी कुठेही जाते, पक्षी दमतो, गाडी दमत नाही. "एक दिन में बोरी भरता था. हमने भरा, दूसरा कोई नहीं." नंतर मेंढ्यांनी झुडपं खाल्ली, युद्धात रणगाडे फिरले, सुरुंग राहिले. आता हिवाळा येतो, हुबारा येत नाही. पैसेवाले लोक ससाणे विमानात घालून दुसऱ्या मुलखात जातात. "मेरा घुटना विमान में नहीं मुड़ता," म्हणाले.

सासूबाईंनी मान हलवली. त्यांच्या माहेरी शिमग्यात गावपारध व्हायची, डुकराचा वाटा घरटी यायचा, तेव्हा शिकारीचं त्यांना वावडं नव्हतं. पण त्या म्हणाल्या, "एकच हय ना? तो बी के वास्ते छोडो. बियाचा तवसा कोण कापून खाता काय?"

तवसं म्हणजे मोठी काकडी. वेलावरची चांगली एक बियाण्याला राखतात, तिला पोरंसुद्धा हात लावत नाहीत. ह्यांनी ते हिंदीत समजावून सांगितलं. मुदीरनी विचार केला आणि शांतपणे उत्तर दिलं.

"काकडी अकेली चलती है, युम्मा. चिड़िया को जोड़ा चाहिए. ये अकेला क्या करेगा?"

"दुसरो खंय मिळतलो?"

"उधर. उत्तर में. शायद."

"मगे ह्याका थंय जावक व्हया," सासूबाई म्हणाल्या. मुदीरना शब्द कळले नसतील, बोट कळलं. ते म्हणाले, "और मेरा बाज?" पक्षी मुदीरचा होता आणि मुदीर आमचे कोण होते ते त्यांनाही माहीत होतं.

पुढच्या शुक्रवारी मुदीर आले ते एक जुनी थैली घेऊन. तुटलेलं पीस जोडायची विद्या ससाणेवाल्यांना येते. ससाण्याचं पीस तुटलं तर झडलेलं दुसरं पीस घेतात, दोन्हींच्या पोकळ दांड्यांत बारीक काडी घालतात आणि चिकटवतात. हीच विद्या ते हुबाऱ्यावर वापरणार होते. थैलीतून त्यांनी पंखांचा एक जुडगा काढला. ससाण्याला परत बोलवायला हा जुडगा दोरीला बांधून फिरवतात. सगळे हुबाऱ्याचेच पंख, कैक वर्षांपूर्वी मारलेल्यांचे, धुळकट झालेले. नवा जुडगा करायला कितीतरी हिवाळ्यांत पिसं मिळाली नव्हती.

पक्ष्याला धरायला सासूबाईच लागल्या, दुसऱ्या कुणाच्या हातात तो थांबेना. त्यांनी टॉवेलात गुंडाळून त्याला मांडीवर घेतलं आणि तोंड फिरवून बसल्या. मुदीर चष्मा लावून दात कोरायच्या काडीला चाकूने टोक करत होते. काडी फाटली. दुसरी घेतली, तीही फाटली. तिसरी दांडीत शिरताना मोडली. सासूबाई तिरप्या डोळ्याने बघत होत्या. वाईट चाललेलं काम त्यांना कधी बघवलं नाही, मग ते कोणाचंही असो.

"काय गो," त्या मला वैतागून म्हणाल्या, "माजी केरसुणी आणि विळी हाड."

केरसुणीतला एक हीर त्यांनी ओढला, एका हाताने पक्षी धरून दुसऱ्या हाताने विळीवर तो उभा चिरला आणि मुदीरपुढे धरला. मुदीरनी तो वाकवून बघितला, जिभेवर ओला केला, दांडीत घातला. मापात बसला. "ज़ैन," म्हणाले. छान. दुपार अशी गेली. त्या हीर तासून द्यायच्या, ते पीस बसवायचे. शेवटचं पीस बसल्यावर मुदीरनी पंख उलगडून उन्हात धरला. कुठे कापला होता ते मलाही ओळखता येईना. सासूबाईंनी बोटाने पिसं सारखी केली आणि उठून आत गेल्या. संध्याकाळी जेवल्या नाहीत. "पोट भरल्यासारखा वाटता," म्हणाल्या.

डिंक पक्का वाळल्यावर आम्ही सगळे मुदीरच्या गाडीतून बर्रमध्ये गेलो. पाऊस झाल्यामुळे वाळवंटावर विरळ हिरवट झाक होती आणि लांब लांब लोकांचे थंडीतले तंबू दिसत होते. मुदीर सुरुंगांच्या भीतीने मळलेल्या वाटेवरूनच गाडी न्यायचे. पुढच्या सीटवर ह्यांच्या हातावर ससाणा, डोळ्यांवर चामड्याची टोपी. त्या टोपीला इथे बुर्काच म्हणतात. मागे सासूबाईंच्या मांडीवर हुबारा. दोन पक्षी एका गाडीत.

एका सपाट जागी मुदीरनी गाडी थांबवली. ससाणा आपल्या हातमोज्यावर घेतला आणि सासूबाईंना खूण केली. त्या थोडं चालून गेल्या, वाकून त्यांनी हुबारा खाली ठेवला आणि मागे वळल्या.

हुबाऱ्याने अंग झाडलं. आजूबाजूला बघितलं. आणि सासूबाईंच्या मागून चालायला लागला.

त्या थांबल्या, तो थांबला. त्या परत मुदीरपाशी आल्या, तोही आला आणि त्यांच्या चपलांशेजारी वाळू उकरून बसला. वर, हातभरावर, टोपी घातलेला ससाणा.

मुदीर त्याच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "ये शिकार नहीं है. ये तो घर का मेहमान है. मेरा बाज इससे क्या सीखेगा? चप्पल के पास बैठना?"

"मुदीर, थोडा दूर जाके छोड़ेंगे?" आमच्या ह्यांनी विचारलं. काही झालं तरी मुदीरचं काम व्हायला हवं, असं त्यांच्या मनात.

"नहीं," मुदीर जरा रागानेच म्हणाले. "जो भागना नहीं जानता, उस पर बाज छोड़ेगा तो लोग मेरे मुँह पर हँसेगा." त्यांनी ससाणा गाडीत नेऊन त्याच्या खुंटीवर बसवला आणि दार लावलं. पाठमोरे असतानाच म्हणाले, "युम्मा, तुम जीत गया. लेकिन अब इसको मारो."

सासूबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मारो. पत्थर मारो. आदमी के पास जाएगा तो अगला आदमी गर्दन काटेगा. तुमने सिखाया आना, तुम सिखाओ जाना."

सासूबाईंनी एक खडा उचलला आणि पक्ष्याच्या बाजूला टाकला. त्याला वाटलं खाऊ आहे. तो धावत जाऊन खड्याला चोच मारून परत आला. "हड!" त्या ओरडल्या. तो मान तिरपी करून बघत राहिला. त्यांनी वाळू फेकली, पदर झटकला, गावाकडे रागावताना द्यायच्या त्या सगळ्या शिव्या दिल्या. तो दोन पावलं मागे जायचा आणि परत यायचा.

"लगने दो," मुदीर म्हणाले.

शेवटी त्यांनी डोळे बारीक केले आणि खडा नेम धरून मारला. आंब्याच्या झाडावरची माकडं हाकलून त्यांचा नेम पक्का होता. खडा त्याच्या छातीवर बसला. तो उडी मारून बाजूला झाला. मानेची पांढरी पिसं उभी राहिली आणि त्यांच्याकडे त्याने पहिल्या दिवशी बघितलं होतं तसं बघितलं. दुसरा खडा पाठीवर बसला. मग तो पळत सुटला, पळता पळता त्याने पंख उघडले आणि जमिनीलगत उडत निघाला, पांढरं काळं पांढरं काळं, अगदी सरळ, कुठे कलला नाही.

मुदीर कपाळावर हात धरून त्या उजव्या पंखाकडे बघत होते. पक्षी ठिपका होईपर्यंत बघितलं, मग म्हणाले, "पर टिक गया." पीस टिकलं.

त्यांच्या ससाण्याने पुढे कधीच हुबारा धरला नाही. पुढच्या कितीतरी हिवाळ्यांत, दोन हजार साल उलटून गेल्यावरसुद्धा, मुदीर त्याला घेऊन बर्रमध्ये फिरायचे आणि रिकाम्या हाताने आमच्याकडे चहाला यायचे. माग दिसला तर आवर्जून सांगायचे. पण माग दिसल्याचं वर्ष विरळाच.

त्या दिवशी मात्र ह्यांनी कोळसे पेटवले, मी किटली ठेवली. सासूबाई उत्तरेकडे तोंड करून वाळूत बसल्या होत्या. मी पेला हातात दिला तेव्हा बघितलं, त्यांनी पदरात आणखी खडे गोळा करून ठेवले होते.

"परत इलो तर?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी मुदीरना सांगितलं. मुदीर गुडघा चोळत त्यांच्या बाजूला बसले.

"तो फिर मारना, युम्मा."

त्यांनी मान डोलावली. चहा संपला, कोळसे विझले, गाडीत सामान भरून झालं, तरी त्या उठेनात. आम्हीही कुणी त्यांना घाई केली नाही.